एक इंचाचा जवान : प्लॅस्टिकचे सैनिक, रंग आणि टेबलावरचं कारगिल

ठिपकेवाला (धागाकर्ता)

दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज सिंहासनावर, मावळे बुरुजांवर, आणि महादरवाजात हिरव्या प्लॅस्टिकचा कमांडो मशीनगन घेऊन पालथा पडलेला. हे दृश्य ज्यांनी पाहिलं नाही त्यांचं लहानपण बहुधा दुसऱ्याच ग्रहावर गेलं. आमच्या वाड्यात तर मावळे संपले की क्रिकेटचे खेळाडूही तटबंदीवर चढायचे. महाराज बालेकिल्ल्याएवढे, वाघ त्यांच्याहून मोठा. कुणाला काही खटकायचं नाही.

मला खटकायचं, आणि तिथूनच हा रोग लागला.

गेल्या वर्षी माळा साफ करताना बुटांच्या खोक्यात नाटोच्या सैनिकांची जुनी पेटी सापडली. आत्याच्या मिस्टरांनी १९८८ साली जर्मनीहून आणलेली. एस्सी ही इटालियन कंपनी. ती पुढे बंद पडली आणि तिचे काही साचे इटालेरीकडे गेले, म्हणून त्यातले काही सैनिक आजही नव्या खोक्यात मिळतात. पन्नासेक माणसं, मऊ प्लॅस्टिक, प्रमाण १/७२. बारा वर्षांचा असताना मी त्यांतले वीस-पंचवीस रंगवले होते. खोकं उघडलं तर सैनिक उघडे आणि तळाशी रंगाचे पापुद्रे, हिवाळ्यात ओठाचे निघतात तसे.

ज्यांना हे प्रमाण प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी: सहा फूट म्हणजे ७२ इंच. म्हणून १/७२ मध्ये सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा होतो. हे कळलं त्या दिवशी मी पट्टी घेऊन घरभर फिरलो होतो. १/३५ वाले, म्हणजे तामिया या जपानी कंपनीचे वगैरे, दोन इंचांच्या आसपास जातात. ते कपाटात ठेवायला छान, पण टेबलावर चाळीस जण खेळवायचे तर जागा आणि पैसे दोन्ही संपतात. वॉरगेमवाल्यांमध्ये, म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्यांमध्ये, २८ मिलिमीटरचीही मोठी जमात आहे. मी इंचवाला.

आता प्रकल्प सांगतो. दुसऱ्या महायुद्धाचे जर्मन-अमेरिकन ढिगाने मिळतात. आधुनिकमध्ये अमेरिकन, रशियन, ब्रिटिश मिळतात. तैवानची सीझर कंपनी आधुनिक अमेरिकन आणि अनियमित लढवय्ये दोन्ही काढते. पण १९९९ चा भारतीय जवान मला मऊ प्लॅस्टिकमध्ये कुठेच मिळाला नाही. म्हणून नाटोवाले आणि रशियन यांची कापाकापी करून बारा जणांचं एक सेक्शन, म्हणजे लष्करातली लहान तुकडी, उभं करतोय (फोटो सोबत). टेबलावर कारगिलमधल्या द्रास गावाच्या वरची एक डोंगरधार. नाव मुद्दाम दिलेलं नाही, ते का ते पुढे कधीतरी.

दोन ठिकाणी अडलोय.

एक, बंदुकीच्या नळीवर रंग टिकत नाही. बोट लागलं की गेला.

दोन, पटका. म्हणजे फेटा नव्हे, आपले जवान कपाळ, कानशिलं आणि मागची बाजू झाकणारं जे जाड चिलखती शिरस्त्राण घालतात ते. एक इंचाच्या माणसाचं डोकं साडेतीन मिलिमीटरचं. त्यावर पटका कशाचा करू?

---

कोथिंबिरीची_जुडी

आमच्याकडे माळा साफ करताना फक्त फुटकी मिक्सरची भांडी सापडतात. तुम्ही भाग्यवान.

एक शंका. वहिनींना "माळा साफ करतो" म्हणून वर गेलेला माणूस खाली कधी आला?

---

ठिपकेवाला

अजून वरच आहे असं तिचं म्हणणं आहे.

---

शून्य_नंबर

नळीवरच्या रंगाचं सांगतो. वीस वर्षं यात घालवली आहेत.

हे मऊ प्लॅस्टिक म्हणजे पॉलिइथिलिन. दुधाची पिशवी, बादली, बाटलीचं बूच, सगळं याच कुळातलं. याच्या पृष्ठभागाला काहीच धरवत नाही. बादलीवर स्टिकर टिकतो का? तसंच. वर साच्यातून सुटावं म्हणून लावलेला तेलकट थर असतो, आणि त्यावर ते वाकतं. रंगाचा थर कडक, खालचं अंग लवचिक. नळी वाकली की रंग तडकलाच. म्हणून पापुद्रे नेहमी नळी, घोटे आणि पट्ट्यांवर आधी सुटतात, छातीवर शेवटी.

मी करतो ते असं. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, जुना टूथब्रश. नीट घासायचं, नुसतं बुचकळून काढायचं नाही. मग दोन बोटांत धरायचंच नाही, बाटलीच्या बुचावर दुहेरी टेपने चिकटवायचं आणि शेवटपर्यंत बूच धरायचं. साबणाने धुतलेल्यावर बोटाचं तेल लागलं की पुन्हा पहिले पाढे. मग पांढरं फेव्हिकॉल पाण्यात सरबरीत करून एक पातळ हात. वाळल्यावर ते स्वतः थोडं लवचिक राहतं, माणसावर मोजा चढवल्यासारखं बसतं. त्यावर अॅक्रिलिक. शेवटी मॅट वॉर्निशचे दोन पातळ हात.

एनॅमलच्या वाटेला जाऊ नका. आणि फेव्हिक्विकने या प्लॅस्टिकचा जोड लावाल तर फक्त तुमची बोटं जुळतील. डोकं बदलायचं असेल तर टाचणी. धडात टाचणी खुपसायची, अर्धा सेंटिमीटर बाहेर ठेवून कापायची, त्यावर डोकं दाबायचं. गळ्याला हाडच मिळतं म्हणा ना.

कडक प्लॅस्टिकचं, म्हणजे पॉलिस्टायरिनचं, गणित सगळं उलटं. तिथे द्रावणवाला गोंद प्लॅस्टिक विरघळवून सांधा एकजीव करतो आणि रंगही मुकाट बसतो. रशियाची झ्वेझ्दा कंपनी १/७२ मध्येही कडक प्लॅस्टिकचे सैनिक काढते. हात लावून बघा, मग मऊवाले नकोसे होतील.

---

शून्य_नंबर

पटक्याचं राहिलं. एम-सील. दोन्ही भाग मळा, ज्वारीच्या दाण्याच्या चौथाईएवढा गोळा घ्या, सुईचं टोक पाण्यात बुडवून डोक्याभोवती पट्टी दाबत न्या. पाणी नाही लावलं तर सुईबरोबर डोकंही येतं. चिकटणार नाही, पण भोवती वेढा बसला की निघतही नाही. माथा उघडा ठेवा, पटक्याची ओळख तीच.

---

सागरगोटी

मी रत्नागिरीची. माझे इंचवाले नाहीत, मुलाचे हिरवे कमांडो आहेत, पण रंगवते मीच.

वॉर्निशबद्दल एक अनुभव. जुलैमध्ये गॅलरीत मॅट स्प्रे मारला. दुसऱ्या दिवशी अख्खी पलटण पांढरी, पिठाच्या डब्यात पडल्यासारखी. आधी वाटलं बाटली खराब आली. नंतर कळलं, हवेतल्या ओलीने वॉर्निश धुरकट होतं. दमट हवेत स्प्रे मारायचाच नाही. आता ब्रशने लावते, तेही पंखा लावून. धुरकट झालेल्यांवर कोरड्या दिवशी चकचकीत वॉर्निशचा एक हात दिला तर बऱ्याच जणांचा रंग परत आला. मग त्यावर मॅट.

तीन तसेच राहिले. मुलाने त्यांना सियाचेनला पाठवलंय.

---

माऊचा_बाबा

हे वाचून मुलीसाठी काहीतरी घ्यावं म्हणून ऑनलाइन पाहिलं आणि किमती बघून लॅपटॉप मिटला. इंचभर प्लॅस्टिकला एवढे पैसे?

---

ठिपकेवाला

@माऊचा_बाबा, २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्क्यांवर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. म्हणून बाहेरून थेट मागवायचं मी जवळजवळ सोडलं. परदेशातून सुट्टीला येणाऱ्यांच्या बॅगेत दोन खोकी, हाच राजमार्ग. वजन नगण्य आणि पत्त्याच्या पुडक्यापेक्षा थोडं मोठं खोकं. माझ्या मावसभावाला आता मी फोन केला की तो आधी "कुठली पेटी?" विचारतो, मग तब्येत.

मुलीसाठी सुरुवात करायची तर बाजारातल्या हिरव्या कमांडोंनीच करा. गंमत म्हणजे ती परंपराही लहान नाही. अमेरिकेत प्लॅस्टिकचे सैनिक १९३८ पासून आहेत. आणि आपण म्हणतो ते १/७२ च्या आसपासचे छोटे सैनिक ब्रिटनच्या एअरफिक्सने १९५९ मध्ये आणले. पहिला संच काय असावा? बँडवाले! राजघराण्याच्या रक्षकांचा बँड. लढाई नंतर, आधी वाजंत्री. आपल्या लग्नासारखंच.

@शून्य_नंबर, चार जणांना आंघोळ घातली. आज फेव्हिकॉल. उद्या कळवतो.

---

सिग्नलवाला

नमस्कार. साताऱ्याकडचा, फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून घरी आलेला. नातवाने हा धागा दाखवला. कारगिलला मी नव्हतो, तेव्हा आमची युनिट राजस्थानात होती, त्यामुळे तिथलं आंखोदेखा काही सांगत नाही. पण तुमचा वरचा फोटो पाहिला. राग मानू नका, चार गोष्टी सांगतो.

पहिली. तुमचे बारा जवान बारा बटाट्यांसारखे एका ताटलीत ठेवलेत. एवढे जवळ कुणी चालत नाही. एक बर्स्ट आणि खेळ खलास. माणसामाणसात अंतर पाहिजे.

दुसरी. तीन जण कमरेला बंदूक लावून पळताना दाखवलेत. असं पोस्टरवर पळतात.

तिसरी. इन्सासचं, म्हणजे आपल्या फौजेच्या रायफलीचं, लाकूडकाम दिसतं ते लाकूड नव्हे, प्लॅस्टिक. त्या काळात रंग तपकिरी, नारिंगीकडे झुकणारा. तुम्ही काळं केलंत. काळं नंतर आलं. आणि सगळ्यांना इन्सास देऊ नका, एके पण द्या.

चौथी. साहेब कोण आहे ते फोटोत लगेच कळलं, कारण त्याचा हात वर आहे आणि कपडे स्वच्छ आहेत. मैदानात असा साहेब सकाळच्या चहापर्यंतसुद्धा टिकायचा नाही. त्याला बाकीच्यांसारखाच मळवा.

बाकी काम सुंदर आहे. पिट्टूच्या (पाठीवरच्या पिशवीच्या) पट्ट्या बरोबर जागी आहेत.

---

ठिपकेवाला

साहेब, राग कसला. वहीत लिहून घेतलं.

हात वर असलेल्याचं: एस्सीच्या साच्यातच तो तसा आहे. प्रत्येक पेटीत एक हातवाला असतोच, आणि एक गोळी लागून मागे कोसळणारा. कोसळणाऱ्याचं काय करावं हे कुठल्याच देशातल्या रंगवणाऱ्याला कळत नाही. माझ्याकडे असे अकरा साठलेत. हातवाल्याचा हात कापून खाली लावतो, टाचणीने.

इन्सास साधारण ९६० मिलिमीटर लांब, म्हणजे माझ्याकडे तेरा. त्यातलं प्लॅस्टिक तपकिरी करायचं म्हणजे तांदळाच्या दाण्यावर नाव लिहिणाऱ्याची शिकवणी लावावी लागेल. पण करतो. एके रशियन पेटीतून आयत्याच येतात.

---

सरळरेषा

सगळं वाचलं. कलाकुसर छान आहे हे मान्य. पण एक विचारतो. ज्या लढाईत पाचशेहून जास्त जवान गेले, ज्यांची घरं अजून आपल्या आसपास आहेत, ती फासे टाकून खेळायची? महायुद्ध, पानिपत ठीक आहे, काळ उलटला. हे खेळणं मला पचत नाही.

---

कोथिंबिरीची_जुडी

बुद्धिबळातही हत्ती मरतातच की.

---

सरळरेषा

बुद्धिबळातल्या हत्तीची आई पेन्शनच्या रांगेत उभी नसते.

---

ठिपकेवाला

@सरळरेषा, हा प्रश्न येणार हे माहीत होतं, आणि माझ्याकडे त्याचं सफाईदार उत्तर नाही. फक्त आम्ही काय करतो ते सांगतो.

मी धारीला नाव दिलं नाही ते याचसाठी. द्रासच्या वरची शिखरं: तोलोलिंग १३ जूनला घेतलं, टायगर हिल ४ जुलैला. कुणी घेतलं, कोण पडलं, नावानिशी माहीत आहे. त्या नावाचा माणूस माझ्या टेबलावर नसेल. माझ्याकडे कोणत्याही सैनिकाला नाव नाही, रेजिमेंटची खूण नाही. पडलेला आडवा ठेवायचा, डब्यात फेकायचा नाही, हा माझ्या मित्राचा नियम. तो खेळतो वरच्या बाजूने, म्हणजे पाकिस्तानी. आधी तयारच नव्हता. मग ठरलं की अर्ध्या खेळात बाजू बदलायची. चढणाऱ्याने वर जायचं आणि वरच्याने खाली येऊन चढायचं. तेव्हापासून दोघांचीही बडबड कमी झाली.

हा खेळ प्रशियाच्या लष्करातून आलाय. १८२४ च्या सुमारास तिथले अधिकारी नकाशावर ठोकळे आणि फासे घेऊन लढाया शिकायचे. त्यामुळे पोरखेळ म्हणून मी तो झटकणार नाही, आणि खेळच आहे म्हणून तुम्ही गप्प बसा असंही म्हणणार नाही. नाही पचत तर नाही पचत.

---

सिग्नलवाला

@सरळरेषा, तुमची भावना चांगली आहे. पण आम्ही स्वतः सँड मॉडेलवर हेच करायचो. वाळूचा डोंगर, चुन्याची रेघ, काडेपेटी म्हणजे बंकर. काडी हातात घेऊन साहेब विचारायचे, "तू इथे आहेस, वरून फायर आला, काय करशील?" उत्तर चुकलं की सगळ्यांसमोर चुकायचं. ते बरं. वर चुकण्यापेक्षा.

---

सरळरेषा

ठीक. मला तरी खेळवणार नाही, पण वाचतोय.

---

हेसेनकर

जर्मनीतून. इथे उलट परिस्थिती आहे, जी लढाई झालीच नाही तीच लोक सगळ्यात जास्त खेळतात. १९८५ च्या आसपासचं काल्पनिक तिसरं महायुद्ध, रशियन रणगाडे फुल्डाच्या खिंडीतून आत येतात वगैरे. मी त्या भागापासून तासाभरावर राहतो. पॉइंट आल्फा नावाची अमेरिकनांची सीमाचौकी होती, आता स्मारक आहे. समोरच पूर्व जर्मनीचा टेहळणी बुरूज. मधे गवत. एवढ्याशा गवतासाठी चाळीस वर्षं दोघं एकमेकांकडे दुर्बिणीतून बघत बसले होते.

रंगवणाऱ्यांसाठी पूर्व जर्मन सैनिक म्हणजे परीक्षाच. त्यांच्या गणवेशावर मातकट कापडावर तपकिरी उभ्या बारीक रेघा, पावसासारख्या. लोक थट्टेने म्हणायचे, "एक रेघ, नाही रेघ". एक इंचावर या रेघा काढायला बसलो आणि सहाव्या माणसानंतर पश्चिम जर्मनीत पळून गेलो. तिथले तेव्हा साधा हिरवट-करडा घालायचे. एक रंग, एक वॉश (पाण्यासारख्या पातळ गडद रंगाचा हात), जेवायला मोकळा.

आणि ज्यांना या छंदाचं मूळ बघायचंय त्यांनी कुल्मबाखच्या किल्ल्यातलं कथलाच्या सैनिकांचं संग्रहालय बघावं. पत्र्याएवढे चपटे सैनिक, हजारोंनी. दोन वर्षांतून एकदा ऑगस्टमध्ये तिथे बाजार भरतो. गेल्या वेळी एक आजोबा भिंगातून घोड्याच्या डोळ्यात पांढरा ठिपका देत होते, अर्धा तास एकच घोडा.

---

शून्य_नंबर

डोळ्यांवरून आठवलं. १/७२ ला डोळे रंगवू नका. नवशिक्यांची पहिली हौस तीच असते. इंचभर माणसाला पांढरी बुबुळं काढली की तो भूत पाहिल्यासारखा दिसतो. सहा फुटांवरून आपल्याला समोरच्याचे डोळे दिसतात, शंभर मीटरवरून नाही. टेबलापाशी उभे राहून तुम्ही या माणसाला प्रत्यक्षातल्या साठ-सत्तर मीटरवरून पाहत असता. तेवढ्या अंतरावर डोळे म्हणजे भुवईखालची सावली. तेवढीच द्या. काळपट तपकिरी रंग पाण्यात पातळ करा, साबणाचा एक थेंब टाका म्हणजे तो खोबणीत सरकतो, थेंब धरून बसत नाही. हा वॉश चेहऱ्यावर सोडा. वाळला की नाक, गालाची हाडं आणि हनुवटीवर उजळ ठिपका. झाला माणूस.

त्वचेचं मात्र लक्ष ठेवा. "फ्लेश" लिहिलेली बाटली घ्याल तर सगळं सेक्शन लंडनहून आल्यासारखं दिसेल. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि थोडा पांढरा. कॅम्लिनच्या ट्यूबमध्ये तिन्ही मिळतात. प्रत्येक चार माणसांमागे प्रमाण जरा बदला. सेक्शनमधले सगळे एकाच आईचे नसतात.

आणखी एक. खऱ्या कापडाला जुळणारा रंग इंचभर सैनिकावर नेहमी काळा पडतो. एवढ्याशा अंगावर उजेडच कमी पडतो. म्हणून ठरवलेल्या रंगात पांढरा किंवा फिकट पिवळा मिसळा. शुद्ध काळा तर घरातच ठेवू नका. बंदुकीला गडद करडा. जवानांच्या जुन्या छापील गणवेशाला फिकट मातकट-हिरवा हात, त्यावर हिरवे, तपकिरी फराटे, आणि काळ्याऐवजी गडद तपकिरी टिकल्या. सगळे फराटे मोजून काढायला जाल तर डाळिंबाच्या दाण्यासारखं दिसेल. चारात एक सोडा.

---

माऊचा_बाबा

२०२२ ला सैन्याचा तो नवा चौकोनी ठिपक्यांचा गणवेश आला ना, तो कसा काढणार?

---

शून्य_नंबर

टूथपिकने. आणि आयोडेक्स जवळ ठेवून.

---

ठिपकेवाला

अपडेट. आधी वाईट बातमी.

डोंगर गेला.

थर्माकोलचे तुकडे कापून, एकावर एक रचून, आठवडाभर खपून धार उभी केली होती. करड्या स्प्रेचा डबा आणला, गच्चीवर नेली, भसाभस मारलं. दहा सेकंदांत फसफस आवाज. स्प्रेमधल्या द्रावणाने थर्माकोल खाल्लं. कड्याच्या जागी मधमाश्यांचं पोळं, आणि शिखर आत बसलेलं. मुलगी म्हणाली, "बाबा, ज्वालामुखी मस्त झालाय."

तर थर्माकोलवर आधी फेव्हिकॉल आणि बारीक वाळूचा जाड हात, पूर्ण वाळू द्यायचा, मगच स्प्रे. किंवा स्प्रे नाहीच, भिंतीचा डिस्टेंपर. दुसरा डोंगर डिस्टेंपरचा केला.

डोंगर करतानाच प्रमाणाने पुन्हा फजिती केली. टायगर हिल साधारण ५,०६२ मीटर, द्रास ३,२०० च्या वर. उंचीतला फरक १/७२ ने भागला तर पंचवीस मीटर येतात. आठ मजली इमारत! ती हॉलमध्ये कुठे ठेवू? इन्सासचा पल्ला ४०० मीटर धरला तर टेबलावर साडेपाच मीटर, म्हणजे गोळी हॉलमधून निघून स्वयंपाकघरात ओट्यावर. बोफोर्सचा पल्ला वीस किलोमीटरहून जास्त. तोफ मांडायचीच तर माझ्या घरापासून पावणेतीनशे मीटरवर, पेट्रोल पंपाच्या पलीकडे.

म्हणून सैनिक १/७२, पण जमीन नाही. सगळे वॉरगेमवाले हीच चोरी करतात आणि कुणी बोलत नाही. आम्ही फक्त शेवटची चढण घेतली, शिखराखालची शंभर-सव्वाशे मीटर. तेवढ्याला सहा फुटी टेबल पुरतं. तोफा कागदावर, फाशाने पडतात.

आता खेळ. चढणारे बारा, वर दगडी संगरांत, म्हणजे दगड रचून केलेल्या आडोशांत, पाच. संगर मत्स्यटाकीच्या खड्यांचे, फेव्हिकॉलने रचलेले. नियम इंग्रजी नियमांवरून घेतलेत: नवख्याला सहा बाजूंचा फासा, मुरलेल्याला दहा बाजूंचा, चार किंवा जास्त पडलं की लागला. म्हणजे नवखा दोनात एकदा, मुरलेला दहात सातदा. आडोशाला जास्तीचे फासे. चढाला आमची भर: वर जायची प्रत्येक चाल अर्धी, आणि सलग दोन चाली चढलं की तिसऱ्या चालीत गोळीबार नाही, दम घ्यायचा. हवा पातळ.

समोरून गेलो. तीनदा. तिसऱ्या वेळी माझे सात आडवे आणि वरचा एकही हललेला नाही. वरच्या माणसाला फक्त डोकं वर काढायचं असतं, खालच्याला अख्खं अंग. हे वाचून माहीत होतं. टेबलावर सात जण स्वतःच्या हाताने आडवे केल्यावर जरा वेगळं कळलं.

मग बाजू बदलली. मित्र खाली आला, पाच मिनिटं टेबलाभोवती नुसता फिरला, आणि भिंतीकडच्या उभ्या बाजूने, जिथे मी रंगसुद्धा नीट दिला नव्हता, तिथून चार जण चढवले. "इथून कोण येतंय" म्हणून मी तिकडे कुणाला ठेवलंच नव्हतं. टायगर हिलवर १८ ग्रेनेडियर्स पलटणीची घातक प्लॅटून, म्हणजे हल्ल्यासाठी निवडलेली तुकडी, अपेक्षा नसलेल्या उभ्या कड्याने चढली, हे मी त्याला दहा वेळा सांगितलंय. त्याने ऐकलं होतं. मी नुसतं सांगितलं होतं.

फोटो खाली. रंग टिकलाय. साबण-फेव्हिकॉल जिंदाबाद. एकाची नळी वाकडी आलीये, ती कशी सरळ करू?

---

शून्य_नंबर

चहाच्या कपात उकळतं पाणी. नळी तेवढी बुडवा, दहापर्यंत मोजा, बाहेर काढून बोटांनी सरळ धरा आणि तशीच थंड पाण्यात. प्लॅस्टिक आकार लक्षात ठेवतं. हे रंग द्यायच्या आधी करायचं असतं, पण आता काय. आणि तो कप पुन्हा चहाला वापरू नका, मी वापरलाय.

---

सागरगोटी

उभ्या बाजूला रंगच दिला नव्हता हे फार आवडलं.

---

सिग्नलवाला

फोटो पाहिले. आता अंतर बरोबर. साहेब मळलाय, चांगलं झालं. दोन नंबरच्या फोटोत डावीकडचा जवान दगडाला टेकून बसलाय, त्याची बसण्याची ढब अगदी खरी आहे. कुठल्या पेटीतला?

एक विनंती आहे. तुमच्या सेक्शनमध्ये रेडिओवाला नाही. बंदूक द्या न द्या, पण एकाच्या पाठीवर सेट द्या. बाराही जण बंदुका चालवताहेत आणि खाली कुणाला काही कळतच नाही, असं कसं चालेल?

---

ठिपकेवाला

साहेब, तो बसलेला म्हणजे मागे कोसळणारा आहे. अकरांपैकी एक. मान सरळ केली, पाठीमागे दगड ठेवला, दम खाणारा झाला. उरलेल्या दहांचीही अशीच सोय लावतोय.

रेडिओवाला आज केला. सेट एम-सीलचा, रिसीव्हरची वायर तांब्याच्या एका तारेची, अँटेना टूथब्रशच्या केसाची. फोटो टाकलाय. चालेल का?

---

सिग्नलवाला

सेट छान. पट्टे जरा आवळा, चढताना सेट पाठीवर नाचतो आणि माणूस वैतागतो.

अँटेना अशी उभी ठेवू नका. वाकवून खाली, खांद्यापाशी बांधा. उभी अँटेना दिसली की वरच्याची पहिली गोळी तिथेच येते.

---

ठिपकेवाला

वाकवली. केस नायलॉनचा आहे, सोडला की परत उभा राहतो. गरम पाण्यात धरून शिवणाच्या दोऱ्याने खांद्याला बांधून ठेवलाय. सकाळी दोरा सोडून बघतो.